उतरत्या ओळी

३ मार्च

ताई,

पोचले. पेटीचं एक कुलूप वाटेत कुठेतरी गळून पडलं, बाकी सगळं शाबूत आहे, मीसुद्धा.

माझी खोली जिन्याखाली आहे. सरळ उभं राहता येतं ते फक्त दाराशी, आत जावं तसतसं वाकत जायचं आणि शेवटी अंथरुणावर पडायचं. वरच्या मजल्यावर काम चालतं. मास्तर सत्तरीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. गेल्या गेल्या मास्तरांनी माझं अक्षर बघायला मागितलं. मी चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, की हे हलत्या गाडीत बसून लिहिलंय का. छापखान्यात बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या, त्याचं उट्टं एका मिनिटात निघालं.

काम मात्र बघत राहावं असं आहे. सहाशे वर्षांपूर्वीची औषधी झाडांची पोथी आहे, तीनशे पानांची. मूळ प्रत हात लावला की चुरते. म्हणून संग्रहालयानं मास्तरांना तिची तशीच्या तशी नक्कल करायला सांगितली आहे. तसाच घोटलेला कागद, तशीच काजळीची शाई, बोरूनं लिहिलेलं जुन्या वळणाचं अक्षर, कडेला वेलबुट्टी आणि पहिल्या अक्षराला सोन्याचा वर्ख. मास्तर चव्वेचाळिसाव्या पानावर आहेत. मला ते अक्षर शिकवतील, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी सोनं. मी सोन्यासाठी आले आहे, तुला माहीतच आहे.

एक वर्ष. पुढच्या मार्चला मी आईजवळ आणि तू तुझ्या बोटीवर. हे मी मुद्दाम शाईनं लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या मलाच नाही म्हणता येणार नाही.

आईला हे पत्र दाखव.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

धाकटे,

पत्र दाखवलं. दाखवलं म्हणजे माझ्या हातातून तिनं काढूनच घेतलं. आधी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग पत्त्याच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमच्या धाकटीचं. हिच्या ओळी उतारावरून घसरतात." टपालाच्या छाननीत तीस वर्षं काढलेली बाई. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, अक्षरं येतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या, त्यांना तिनं मुकाट्यानं हात जोडले. त्यांनी किराण्याची चिठ्ठी पुढे केली तेव्हा ओळख पटली, आणि मग तासभर गप्पा मारल्या.

मला ती नर्सबाई म्हणते. आता मी खरोखरच नर्स आहे, तेव्हा भांडायचं तरी कशावरून? बोटीवर सहाशे प्रवासी सांभाळायचे. ते सहाशे सोपे होते. वादळ आलं तरी सगळ्यांना एकदम यायचं आणि एकदम जायचं. इथे वादळ रोजचं आहे आणि बंदर लागत नाही.

कंपनीचं उत्तर आलं. पुढच्या बारा मार्चला बोट सुटेल, तोवर माझी जागा राखून ठेवतील. त्यानंतर नाही. मी बाहेरची कडी लावून भाजी आणायला जाते तेव्हा मोजून पंचवीस मिनिटांत परत येते. पण हे तुझ्या मनाला लावून घ्यायला लिहीत नाही. एक वर्ष मी बसते, मग तू बस. हिशेब सरळ आहे.

तुझं पत्र तिच्या उशीखाली आहे. दर आठवड्याला एक लिही. तिला फार लागतं.

ताई


२२ जून

ताई,

इतक्या उशिरा लिहितेय म्हणून ओरडू नकोस, आधी कारण ऐक.

तीन महिने मी फक्त उभ्या रेघा काढल्या. मेजाचा पाट उतरता आहे आणि त्याला एक कापडी पट्टी आहे. ती कोपराला बांधायची, म्हणजे हात मनगटातून न हलता खांद्यातून हलतो. सकाळी मास्तरीणबाई ती बांधतात आणि दुपारी सोडतात. मध्ये नाक खाजलं तर डावा हात आहे. खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिलाय, उजेड सगळीकडून सारखा यावा म्हणून. रस्ता दिसत नाही. पावलं ऐकू येतात, तेवढ्यावरून मी ठरवते की हा मनुष्य लठ्ठ आहे, ही बाई कुणावर तरी चिडली आहे.

चूक झाली की तीवर हरताळ लावायची, पिवळा लेप. तो वाळला की वरून पुन्हा लिहायचं. मास्तरांच्या अठ्ठावन्न पानांत हरताळेचे चार ठिपके आहेत. माझ्या सरावाच्या कागदांना तर कावीळ झाल्यासारखी दिसते.

आता कारण. या घरात एक नियम आहे. पोथी चालू असेपर्यंत तिच्या अक्षरात हात बसवणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्याही वळणानं काही लिहायचं नाही. पत्र नाही, धोब्याची यादी नाही, कशाची आठवण म्हणून चिठोरं नाही. दोन वळणं एका हातात राहिली की दोन्ही बिघडतात असं मास्तर म्हणतात, आणि त्यांच्या मास्तरांनी त्यांना हेच सांगितलं होतं. हे पत्र मी जिन्याखाली बसून चोरून, आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहितेय, आईसाठी. लिहिताना हात अडखळतो. मगाशी एक वेलांटी मास्तरांसारखी उमटली आणि मला वाटलं, अरे वा.

मास्तर परवा माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी शेजारी स्वतःची ओळ ठेवली आणि मास्तरीणबाईंना विचारलं, यातली माझी कोणती. बाईंनी चुकीची दाखवली. मी दिवसभर हवेत होते.

तुझी,
धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर देता आलं नाही याबद्दल क्षमा असावी. मास्तरांची प्रकृती ठीक नाही. त्यामुळे काम वाढले आहे. माझे शिक्षण उत्तम चालले आहे. अक्षर पूर्ण झाले. रंगांची ओळख झाली. सोने अद्याप बाकी आहे.

आईची काळजी घे. तिला हे पत्र दाखव. मार्चचे माझ्या लक्षात आहे.

धाकटी


२८ ऑक्टोबर

धाकटे,

पत्र मिळालं. कोणाचं, ते कळवावं.

चार महिन्यांनी बहिणीला सात ओळी लिहायच्या आणि त्याही दुसऱ्याकडून लिहून घ्यायच्या, इतकं तुझं काय काम वाढलं आहे? अक्षर देखणं आहे, नाही म्हणत नाही. देवळातल्या दगडावर कोरावं तसं. लिहिणारा कोण आहे? पुरुष असेल तर तसं सरळ सांग, मी काही तुला खाणार नाही. पण "क्षमा असावी" हे शब्द तू जन्मात वापरले नाहीस. तू माझी अत्तराची बाटली फोडली होतीस तेव्हासुद्धा नाही.

मी चिडले आहे ते सोड. आईचं ऐक. चार महिने ती रोज अकरा वाजता दाराशी खुर्ची लावून बसायची. पाकीट आलं तेव्हा मी नाचतच तिच्याकडे गेले. तिनं ते हातभर लांब धरलं, शिक्का बघितला, पत्त्यावरून बोट फिरवलं आणि मला परत दिलं. खिडकीतून परत देतात तसं. म्हणाली, हे आपल्याकडचं नाही, वाटपात चूक झाली आहे. मी म्हटलं, आई, धाकटीचं आहे, बघ ना, आत नाव आहे. तर म्हणाली, "धाकटीचं अक्षर मला शिकवू नका, नर्सबाई."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, धाकटी मेली का, मला सांगत नाही का तुम्ही.

तुझी मजा चालू दे. मी इथे कडी लावून बसलेच आहे. पण आठवड्याला चार वाकड्या ओळी स्वतःच्या हातानं लिही. एवढंही जमत नसेल तर तसं कळव.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

ते पत्र माझंच होतं. हेही माझंच आहे. कुणी लिहून देत नाही. तुला जे अक्षर दिसतंय ते माझ्या हातातून येतंय आणि मला ते थांबवता येत नाही.

आता सगळं सांगते. हे मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. एकसष्टाव्या पानाच्या मध्यावर. त्यांनी बोरू खाली ठेवला, हात मांडीखाली दाबून धरला आणि मला म्हणाले, "बस. पुढची ओळ तू लिही." मी लिहिली. जोड कुठे आहे ते त्यांनासुद्धा शोधावं लागलं. तेव्हापासून पोथी मीच लिहितेय. आज एकशे एक्केचाळिसावं पान झालं. संग्रहालयाशी झालेल्या करारात लिहिलं आहे की सबंध पोथी मास्तरांच्या हातची असेल. संग्रहालयाच्या बाई महिन्यातून एकदा येतात, भिंग लावून पानं बघतात आणि मास्तरांना म्हणतात, तुमचा हात दिवसेंदिवस तरुण होतोय. मी तेव्हा कोपऱ्यात शाई घोटत असते.

खरं सांगू का? पहिले दोन महिने मला फार आनंद झाला. माझ्या घसरत्या ओळींचं हे सोनं झालं असं वाटायचं. त्या आनंदात मी नियम पाळायला लागले. धोब्याची यादी मास्तरांच्या अक्षरात, तुला पत्र मास्तरांच्या अक्षरात. आणि त्या अक्षरात वाक्यंही तशीच यायला लागली, ताठ. "क्षमा असावी" मी लिहिलं नाही गं, ते आलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी आईला लिहायला बसले. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. "आई" एवढं लिहिलं. मास्तरांचं. ओळ मुद्दाम खाली उतरवली, तर पट्टी लावून तिरकी रेघ मारावी तशी उतरली. डाव्या हातानं लिहून पाहिलं, ते कुणाचंच नव्हतं. एक सबंध कागद भरला आणि त्यात मी कुठेही नव्हते. मी घाबरले, ताई. आपल्याच घराबाहेर उभं राहून किल्ली लागू नये तसं झालं.

सोडून ये म्हणशील. मी सोडलं तर पोथी एकशे एक्केचाळीसवर थांबते आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळतं की मास्तरांचा हात कधीच गेला. ते वाईट मनुष्य नाहीत. माझ्याकडे बघतातसुद्धा असे, की मीच त्यांचा हात आहे. आणि सोनं अजून शिकवलेलं नाही. पोथी संपल्यावर, म्हणतात. महिन्याला वीस पानं होतात. तूच मोज, मार्च कुठे येतो.

हे वाचून जाळून टाक.

धाकटी


९ डिसेंबर

धाकटे,

जाळलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलं आहे. तुझ्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा लेखी पुरावा बरा.

मागच्या पत्रात मी बरंच बोलले. ते मागे घेत नाही, पण तुला लागलं असेल तर मला वाईट वाटतं. मला वाटत होतं तू मजेत आहेस आणि मी अडकले आहे. आता कळलं की दोघी सारख्याच. यात काय समाधान आहे ते मला सापडलं नाही.

आईसाठी मी एक उपद्व्याप केला. तुझं जूनचं पत्र समोर ठेवून तुझ्या अक्षरात पत्र लिहिलं. ओळी छान घसरवल्या. जुन्या पाकिटात घालून दाराखालून सरकवलं. तिनं वाचलंसुद्धा नाही. शिक्का बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, नर्सबाई, असं करू नये, नोकरी जाते. वर मला सांगितलं की घाबरू नका, मी वरिष्ठांना कळवणार नाही.

तेव्हा तुझ्या अक्षराला पर्याय नाही. सोबत एक कागद पाठवतेय. कपाटाच्या तळाला होता. तूच लिहिलेला, चार वर्षांपूर्वीचा: दोन अभ्रे, चार टॉवेल, आईचा निळा गाऊन, एक मोजा, दुसरा कुठे तडफडला देव जाणे. मास्तरांचं अक्षर तू समोर ठेवून गिरवलंस ना? मग स्वतःचं गिरव. रोज वीस ओळी. कोपराला काही बांधू नकोस.

बोट बारा मार्चला सुटते. मी दहाला निघणार. तू आलीस तर आईला तुझ्या स्वाधीन करून. नाही आलीस तर मी निघणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर तुला लिहावं लागतं. आईला तुझं अक्षर अजून आठवतं. किती दिवस आठवेल ते मी नर्स असूनही सांगू शकत नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

मी येतेय. आधी हे वाच, म्हणजे दारात प्रश्न विचारायला वेळ जाणार नाही.

तू पाठवलेली धोब्याची यादी मी रोज गिरवते. "मोजा" जमायला तीन आठवडे लागले. माझ्या अक्षरात किती उर्मट वळणं होती ते मला आत्ता कळतंय.

जानेवारीत एका सकाळी यादी आणि पोथी दोन्ही डोक्यात घेऊन बसले होते. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर "पाने सावलीत वाळवून घ्यावीत" हे दोनदा येतं, वर एकदा आणि अकरा ओळी सोडून खाली एकदा. बोरू शाईत बुडवून नजर मूळ पानाकडे नेली ती खालच्या वाक्यावर पडली. मधल्या अकरा ओळी गेल्या. त्यातच लिहिलं होतं की हे मूळ किती घ्यावं आणि कुणी मुळीच घेऊ नये. बारा वर्षं प्रूफं तपासणाऱ्या बाईकडून ही चूक. हरताळेचा उपयोग नव्हता, कारण पुसायला काही नव्हतंच, जे नव्हतं ते आणायचं होतं. पान टाकावं तर मागच्या बाजूचं सगळं काम जातं.

मास्तरांनी एकदा सांगितलं होतं, जुने लोक अशा वेळी सुटलेला मजकूर पानाच्या तळाशी लिहायचे आणि तो जागेवर ओढून नेणारा एखादा मनुष्य कडेला काढायचे. मी अकरा ओळी तळाशी बारीक लिहिल्या, त्यांच्याभोवती दोर काढला आणि वर, जिथे त्या सुटल्या तिथे कडेला, एक बाई काढली. अंबाडा, चष्मा, पाय भिंतीला टेकलेला, दात ओठात. दोर ओढतेय. ती तू आहेस. मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

संग्रहालयाच्या बाईंनी ती भिंगातून पाहिली आणि मोठ्यांदा हसल्या. मास्तरांना म्हणाल्या, तुम्ही चित्रं कधीपासून काढायला लागलात? मास्तर म्हणाले, "माझीच गंमत." मी शाई घोटत होते. अक्षर त्यांचं होतं, ते त्यांनी घेतलं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती बाई माझी होती. मला इतका राग आला की शाई जमिनीवर सांडली.

दुपारी मास्तरीणबाईंनी मला मागच्या छोट्या खोलीत नेलं. खिडकी लावली, दार लावलं, कारण वर्ख वाऱ्यानं उडतो. अक्षरावर दिलेला खडूचा लेप दाखवला. त्यावर पोटातून गरम श्वास सोडायचा, फुंकायचं नाही, आरशावर वाफ धरतात तसं. लेप ओलसर होतो न होतो तोच वर्ख ठेवायचा आणि अकीकाच्या खड्यानं घोटायचा. त्यांच्या हाताखाली ते अक्षर उजळलं. मी विचारलं, मास्तर कधी शिकवणार होते हे? त्या म्हणाल्या, "त्यांना येत नाही. कधीच येत नव्हतं. बत्तीस वर्षं या घरातलं सोनं मी लावते." कुणाला सांगितलं का नाही, विचारलं. तर म्हणाल्या, आधी कुणी विचारलं नाही आणि मग उशीर झाला. मग माझ्या हातात खडा दिला आणि म्हणाल्या, तू उशीर करू नकोस.

काल संग्रहालयाच्या बाई आल्या. मी कोपऱ्यात गेले नाही. पाटापाशी बसले, अर्धी राहिलेली ओळ त्यांच्यादेखत पुरी केली आणि म्हटलं, "एकसष्टाव्या पानापासून मी आहे." मास्तरांनी हात मांडीखालून काढला आणि सगळ्यांसमोर पाटावर ठेवला. तो थरथरत होता. मग म्हणाले, "हात तिचा आहे. अक्षर माझं आहे." संग्रहालयाच्या बाईंनी भिंग पिशवीत टाकलं. त्यांना पोथी हवी आहे, भांडण नको. म्हणाल्या, मग शेवटच्या पानावर दोघांची नावं घाला. दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिघांची."

उरलेली पानं मी घरी बसून, मूळच्या छायाचित्रांवरून लिहायची असं ठरलं. सोनं इथे लागेल. नऊ तारखेला पोचते.

ही ओळ बघ, खाली जातेय ना? मुद्दाम नाही केली.

धाकटी


१० मार्च, बंदरावरून

धाकटे,

पेट्या चढवतायत, तेवढ्यात लिहितेय.

काल तू दारात उभी राहिलीस आणि आईनं हात जोडून "या, बसा" म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस ते मी पाहिलं. आणि तरी सकाळी पेटी उचलली. जिना उतरताना तीनदा थांबले. मागे वळले असते तर दोघी तिथेच राहिलो असतो, म्हणून वळले नाही. तुला हे समजेल म्हणून लिहितेय. नाही समजलं तर शिव्या घाल, पत्ता कंपनीच्या कचेरीचा.

कडी वरची लाव, खालची ती आतून दार हलवून उघडते. पंचवीस मिनिटं. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे लावले आहेत. ती अकरा वाजता दाराशी बसते, बसू दे.

ती चेहरा विसरली आहे. अक्षर विसरलेली नाही. तू तिच्यासमोर आहेस म्हणून पत्रं बंद करू नकोस.

ताई


२ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. शिव्या दोन दिवस घातल्या, मग कंटाळले. तुझी बोट आता कुठल्या पाण्यात आहे ते मी आईच्या जुन्या टपाल-नकाशावर टाचणीनं लावते. ती विचारते, ही टाचणी कसली. मी सांगते, एका नर्सबाईची. ती म्हणते, बरी होती हो ती, जरा तापट.

मी नवी नर्सबाई आहे. जुनीपेक्षा चहा बरा करते, पण अंथरूण नीट घालत नाही, अशी तक्रार आहे.

सकाळी ती दाराशी बसते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या मेजावर पोथी लिहिते. मास्तरांचं अक्षर. दुपारी ती झोपते तेव्हा आईला पत्र लिहिते, माझ्या अक्षरात. एकाच दिवसात, एकाच हातानं. काही मोडलं नाही. हे मी मास्तरांना कळवलं. मास्तरीणबाईंनी पानं मिळाल्याची पोच पाठवली आणि शेवटी लिहिलं की घरात आता सगळे विचारतात, सोनं कुणी लावलं.

पहिलं पत्र मी तुझ्यासारखंच दाराखालून सरकवणार होते. मग शिक्क्याचं आठवलं. म्हणून आता दर आठवड्याला माझं पाकीट मास्तरीणबाईंकडे जातं, त्या ते तिथल्या पेटीत टाकतात आणि आठ दिवसांनी ते इथे येतं. पहिलं आलं त्या दिवशी मी तिच्या खुर्चीमागेच उभी होते. तिनं शिक्का बघितला. तारीख बघितली. पत्त्यावरून बोट फिरवलं, ओळीबरोबर बोट खाली खाली गेलं, आणि तिनं ते पाकीट गालाला लावलं. म्हणाली, आमच्या धाकटीचं. मला भीती वाटत होती हो, नर्सबाई. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले. तुला आत्ता सांगतेय, कारण दुसरं कुणाला सांगू?

बाहेर पडता येत नाही. पंचवीस मिनिटं, तू म्हणालीस तशी. त्या पांढऱ्या काचांच्या खोलीत निदान पावलं ऐकू यायची, इथे फक्त घड्याळ. तू वर्षभर हे कसं केलंस ते मला आता कळतंय आणि मी तुला जूनमध्ये वेलांट्यांबद्दल लिहीत होते.

काल तिनं मला कागद आणायला सांगितला. धाकटीला उत्तर धाडायचं होतं. म्हणाली, माझा हात आता चालत नाही, तुम्ही लिहा. माझ्या अक्षरात लिहिलं असतं तर तिनं लगेच ओळखलं असतं, म्हणून मास्तरांच्या अक्षरात लिहायला घेतलं. तिनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, सुरेख आहे, पण हे तुमचं स्वतःचं वाटत नाही. मी म्हटलं, उसनं आहे. मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तुझ्यासाठी इथे उतरवते:

"धाकटे, तुझं पत्र मिळालं. ओळी अजून घसरतात, लक्ष दे. तुला तिथून सोडत नाहीत, ते मला कळतं. मीही तीस वर्षं एका खिडकीमागे बसले आहे. सुटका झाली की ये. घाई करू नकोस. इथे एक बाई आहे, ती माझं सगळं करते. तिला मी तुझ्याबद्दल सांगत असते. तू आलीस की तुमची ओळख करून देईन."

मी विचारलं, आणखी काही लिहायचं का. ती म्हणाली, नको, सही मी करते. तिनं "आई" लिहायला बराच वेळ घेतला. मग पाकीट स्वतः चिकटवलं, तिकीट सरळ लागलंय ना ते बघितलं आणि मला म्हणाली, शेवटचं टपाल पाच वाजता उचलतात, तेवढं टाकून या.

मी वरची कडी लावली आणि टाकून आले.

धाकटी